पहारीचं टोक

"परस भरला ऽऽ!"

ही हाक बानूच्या कानात अजून तशीच आहे; ओली, घुमत घुमत खालून वर येणारी. लग्न होऊन ती खर्ड्याला आली त्या साली सासरा फक्रुद्दीन विहिरीच्या तळातून अशी हाक मारायचा. मग काठावरून दोर खाली जायचा, पुरुषभर उंचीचा एक परस मोजला जायचा, आणि शेतकरी तिथल्या तिथं कनवटीला हात घालायचा. म्हातारा वर यायचा तेव्हा भुवयांवर दगडाचं पीठ असायचं. जात्यावरून उठलेल्या बाईसारखा दिसायचा. "बेटी," म्हणायचा, "पानी अल्लाचं. आपन फकस्त वाट करून द्यायची."

त्याला जाऊन आता चार वर्षं झाली होती. तिकडं दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि इकडं तो वारला. जाताना घर ठेवलं, सहा पहारी, तीन टिकाव, दोन घण, छिन्न्यांची एक पिशवी, आणि एक दर. पहिला परस पंधरा रुपये, दुसरा पंचवीस, तिसरा चाळीस. सुरुंगाची दारू शेतकऱ्याची. हत्यारं, दोर आणि गडी आपले. आसपासच्या वीस गावांत पोरांना पाढे यायचे नाहीत, पण हा दर यायचा.

बानूचा नवरा हैदर, त्यानं तो दर तसाच चालवला. "अब्बांचा दर हाय," एवढंच सांगायचा. तीन गडी होते ते चुलतभाऊच. त्यांना मजुरी नव्हे, वाटा. दोर घरीच वळलेला. तेव्हा रोजचा खर्च म्हणून खरा एकच, हत्यारांना टोक करायचा. काळा दगड लोखंड खातो. सकाळी सुईसारखी गेलेली पहार संध्याकाळी म्हाताऱ्याच्या अंगठ्यासारखी बोथट होऊन येते. दिवसाला सात-आठ टोकं, टोकाला एक पैसा, आणि चार पैशांचा आणा. हैदर रोज दोन आणे बानूच्या हातावर ठेवायचा. हत्यारं लोहाराकडं पोचवायची, पहाटे परत आणायची, हे काम घरच्या बाईचं. म्हातारा होता तेव्हाही सासूचंच होतं.

लढाईच्या पहिल्याच हिवाळ्यात सहादेव लोहारानं भाता थांबवून सांगितलं होतं, "बानूआक्का, कोळसा मिळंना. लोखंड समदं लढाईत गेलं. आता टोकाला तीन पैसे. हैदरला सांग."

बानूनं सांगितलं नाही. नवऱ्याच्या डोईवर बापाच्या मरणाचा भार ताजा होता. त्यातच एका विहिरीला चौथ्या परसाला असा कातळ लागला होता की हैदर जेवताना हातातला घास विसरायचा. तिला वाटलं, ही एक विहीर होऊ दे. "दादा, त्यांच्याकडून पैसाच घ्या," ती सहादेवला म्हणाली, "वरचं मी भरीन. पर बोलू नका."

वरचे रोजचे चार आणे. ती गोधड्या शिवायला लागली. चार दिवसांत एक गोधडी, तिचा एक रुपया. हिशेब बरोबर जमला, आणि तीच चूक झाली. जमला नसता तर तेव्हाच तोंड उघडलं असतं. एक विहीर झाली, दुसरी झाली. शिवता शिवता ती गुणगुणायची,

*कंत माझा खाणकरी, हात घालितो दगडाला,*
*वाट पुसत पुसत पहार गेली गं पान्याला.*

आणि मनात म्हणायची, पहार जाते खरी, पण तिच्या मागोमाग माझी सुई जाते.

हैदरला यातलं काही माहीत नव्हतं. बाकीचे खणणारे दर वाढवत होते. जामखेडकडचा कानिफनाथ पहिल्या परसाला पंचवीस मागायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, लोहार महागला. हैदर भर बाजारात हसला होता. "लोहार न्हाई, तुझं पोट महागलं! आमचा सहादेव अजून पैशालाच टोक करतो." लोकही हसले. कानिफनाथ खाली मान घालून निघून गेला. तो उन्हाळाभर बिनकामाचा बसला असं बानूनं पाणवठ्यावर ऐकलं आणि घागर अर्धीच भरून ती घरी परतली.

अशात भिमाजीचा निरोप आला. भिमाजी सुखवस्तू शेतकरी, तिघा भावांची जमीन एका रांगेत, आणि तिघांनाही विहिरी हव्या होत्या. तीन विहिरी, एका दमात.

बानू सहादेवकडं गेली. त्यानं हातातला सांडस खाली ठेवला. "तिथला दगड मला ठावा हाय, आक्का. दिसाला वीस टोकं येतील. वरचे धा आने रोज कुठून आनशील? तुला हात दोनच हायेत."

"एक विहीर झाली की सांगते."

"एक विहीर, एक विहीर म्हनत तू चार वर्सं काढलीस," सहादेव म्हणाला. "आनि पहिला घाव पडला की दर बांधला. मग सांगून काय उपेग?"

ते खरं होतं. या भागात तशी रीतच होती. जागेवर उभं राहून दर बोलायचा, खणणाऱ्याच्या घरच्या बाईनं त्या जागी तांब्याभर पाणी ओतायचं आणि खणणाऱ्यानं त्या ओल्या मातीत पहिला घाव घालायचा. त्यानंतर पाणी लागेपर्यंत दरात बदल नाही. जो बदलेल त्याला कुणी पुन्हा बोलावत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर हैदर ओट्यावर खडे मांडून बसला. त्याला अक्षर येत नव्हतं. खर्च तो खड्यांनी मांडायचा. मोठा खडा गड्यांच्या वाट्याचा, मधला दोराचा, चपटा घमेल्यांचा. शेवटी हरभऱ्याएवढा एक खडा त्यानं नखानं पुढं सारला. "हा लोहार."

बानू भांडी घासत होती. तिनं हात पुसले, जवळ आली, हरभऱ्याएवढा खडा उचलला आणि त्या जागी लिंबाएवढा ठेवला.

हैदर हसला. "अगं, हा काय लोहाराचा खडा हाय? सहादेवानं काय चांदीचा भाता केलाय?"

"दगड काळा हाय म्हनत्यात."

"असंल की! दोन खडे ठिवू." त्यानं तसलाच बारका आणखी एक खडा ठेवला. "झालं समाधान? तीन विहिरी झाल्या की तुला हिरवं लुगडं घेतो. रात-दिस लोकांच्या गोधड्या शिवतीस, सोताच्या अंगावर धड कापड न्हाई."

एवढं मायेनं बोलल्यावर तिच्या ओठांवर आलेलं परत गेलं. लिंबाएवढा खडा तिनं उचलला आणि अंगणात टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भिमाजीच्या शेतात जमले. कोवळं ऊन होतं, बांधावरच्या बोरीवर साळुंक्या भांडत होत्या. भिमाजीची बायको गोजरबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. तिनं पहारीला बोट लावलं आणि बानूकडं बघून म्हणाली, "का गं, तोंड असं का उतरलंय? पानी लागू दे, तुझी ओटी मी भरते."

बानूनं पदर सारखा केला. तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

"बोला हैदरभाई," भिमाजी म्हणाला, "दर सांगा."

"तुमाला ठावा न्हाई व्हय? अब्बांचाच. पंधरा, पंचवीस, चाळीस."

भिमाजीचे दोघे भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. भिमाजी सरळ माणूस होता. त्याला एवढं स्वस्त घेताना जरा लाज वाटली. "हैदरभाई, मी घासाघीस करायच्या तयारीनं आलो हुतो. तुमी जागाच ठिवली न्हाई. कानिफनाथ पंचवीस सांगून गेला. तुमाला परवडतं कसं?"

"नियत साफ असली की परवडतं, भिमाजीराव."

"नियतीनं पहारीला धार येती व्हय?" धाकटा भाऊ म्हणाला, आणि सगळे हसले.

हैदरही हसला. पहार उचलून त्यानं दोन्ही हातांत तोलली. "लोहार महागला म्हनून रडनारे येगळे. आमाला टोकाला पैसाच पडतो. हत्यारं हीच नेती, हिलाच इचारा. काय गं बानू? टाक पानी."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं एक पाऊल पुढं टाकलं. तांब्या कलता केला की पाणी पडणार, पाणी पडलं की घाव पडणार. समोर हैदरचा चेहरा होता, बापाच्या नावानं उजळलेला. त्यामागं तिला कानिफनाथाची खाली गेलेली मान दिसली. पाणी तांब्याच्या काठापर्यंत येऊन थांबलं.

"टाक की," हैदर म्हणाला.

बानूनं तांब्या सरळ केला आणि छातीशी धरला.

"न्हाई टाकत," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण शेतात सगळ्यांना ऐकू गेला.

"आगं, असं काय करतीस? लोक बघत्यात."

"बघू द्या." ती भिमाजीकडं नाही, नवऱ्याकडंच बघत होती. "सहादेवदादा टोकाला तीन पैसे घेतो. आज न्हाई, चार वर्सं झाली. तुमी दोन आने देता, वरचे चार आने मी देते. त्या गोधड्या मी काय हौसेनं न्हाई शिवत. कानिफनाथ खोटं बोलला न्हाई, खोटं मी वागले. तुमचा चेहरा पडंल म्हनून वागले. पर अब्बांचा दर आता परवडत न्हाई, अवो. पहार खाली ठिवा, आनि मग दर सांगा."