सागवानी पॉलिश

आमच्याकडं लग्नात पोरीला सागवानी पलंग दिला नाही, तर पोर पळून गेली असंच लोक समजतात. धाकट्या बहिणीचं, अर्पिताचं, लग्न ठरलं तेव्हा मी बाबांना सांगितलं, पलंग मी करते, पण सागवानाचा नाही. फर्निचरचं डिझाइन शिकून इचोड्याला कारखाना टाकला होता, तो याच हट्टापायी.

गावामागच्या टेकडीवर मोवई, धावडा, सालई अशी सरमिसळ झाडं. लोकांच्या लेखी सगळं जळतण. म्हणून टेकडी साफ करून नुसतं सागवान लावायचं, असं गावच्या वनसमितीच्या मनात होतं. या जळतणाचाही देखणा पलंग होतो हे दिसलं, तर टेकडी वाचेल असं मला वाटत होतं. समितीचे अध्यक्ष विठ्ठलराव लग्नात पलंग पाहून मगच मत द्यायला कबूल झाले होते. बाबा खूश होते. शाळेत मास्तरकी करताना जंगलावर भाषणं देण्यात त्यांचा जन्म गेला होता.

टेकडीवर पडलेल्या झाडांचंच लाकूड आणलं. चौकट धावड्याची, उशाकडची फळी मोवईची. फळीवर तांबूस रेषा अशा उमटल्या, की मीच स्वतःवर खूश झाले. लग्नाच्या सकाळी मांडवात पाहते तर पलंग गडद तपकिरी. व्याही काय म्हणतील या धास्तीनं बाबांनी परस्पर सागवानी पॉलिश मारून घेतलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

विठ्ठलरावांनी फळीवर बोटं वाजवली. "पाह्यलं? सागवान ते सागवान."

"काका, हे मोवई हाये. वरून पॉलिश मारलं," मी म्हटलं.

त्यांनी बाबांकडं पाहिलं. शेजारीच जैनथचे व्याही उभे होते. जन्मभर पोरांना खोटं बोलू नका सांगणारे बाबा हसले.

"सागवानच हाये. पोरीले मजाक करायची सवय हाये."

बापाचा इतका राग मला कधीच आला नव्हता. पुढच्या आठवड्यात समितीचं एकमत झालं आणि उन्हाळ्यात टेकडी भादरून निघाली.

वर्षभरात पॉलिशचे पोपडे निघाले. फसवलं म्हणत व्याह्यांनी पलंग टेम्पोत घालून परत पाठवला. अर्पिता अजून टोमणे खाते. बाबांनी तो ओसरीत ठेवून घेतला, पण त्यावर कधी बसत नाहीत. उरलंसुरलं पॉलिश मी खरवडून काढलं. मोवई बिचारी होती तशी तांबूस निघाली.

परवा विठ्ठलराव आले. फळीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिले. नातीचं लग्न ठरलं होतं, तिला असाच पलंग पाहिजे म्हणाले.

"कोणतं लाकूड हाये हे? कुठं भेटते?"

मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले.

"मोवई हाये. आपल्या टेकडीवर भेटत होती."