झोपणाऱ्यांच्या पाच खोल्या

ड्रिलबाईंनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी वृद्धनिवासात आल्या, तरी चालणं सोडलं नाही. तळमजल्यावर चौदा खोल्यांचा लांब कॉरिडॉर, टोकाला बागेत उघडणारं दार. पहिल्या खोलीतून त्या दारापर्यंत त्या रोज एकट्या जायच्या.

महिन्यापूर्वी त्या नवव्या खोलीसमोर पडल्या. मनगटावरच्या पट्ट्याचं लाल बटण दाबलं, पण मेट्रनच्या टेबलावरची घंटा वाजलीच नाही. वीस मिनिटं बाई गार फरशीवर पडून होत्या. हे पट्टे वाय-फायवर चालतात. म्हणून जुनी वाय-फाय यंत्रं काढून प्रत्येक खोलीत दाराच्या आत, छताला नवं यंत्र बसवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं.

काम सुरू होऊन तीन दिवस झाले, तरी घंटा मध्येच दगा देत होती. पट्टा खोलीत ठेवला की ठणठणीत वाजे. तोच हाताला बांधून चालायला लागलं की कुठेतरी मुका व्हायचा.

त्या दुपारी मेट्रनने निर्वाणीचं सांगितलं, "पाच वाजेपर्यंत बघते. नाहीतर बाईंचं एकटीनं फिरणं आजपासून बंद. त्यांच्या मुलीने तसं लिहून दिलंय. फिरायचं तर चाकाच्या खुर्चीत, आणि सोबत माणूस."

"पट्टेच म्हातारे झालेत," आमचे साहेब म्हणाले.

"म्हातारे आम्ही आहोत," ड्रिलबाई ताडकन म्हणाल्या. "पट्टे दोन वर्षांचे आहेत."

सकाळपासून लॅपटॉप घेऊन तो कॉरिडॉर मी वीस वेळा पालथा घातला होता. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला होता, तो कुठेही अडखळला नव्हता. आता वाटलं, व्हिडिओ थोडा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. मधली आठ-दहा सेकंदं संबंध तुटला तरी त्यात दिसणार कसं? बटणाचं तसं नाही. ते दाबलं त्या क्षणी पोचलं, तर पोचलं.

"बाई, माझ्याबरोबर चालाल?" मी विचारलं. "तुमच्या चालीनं. प्रत्येक दाराशी एकदा बटण दाबायचं आणि दोन दारांच्या मध्ये एकदा."

"अगं, विचारतेस काय! तुमच्या शिड्यांपायी तीन दिवस खोलीत बसून माझे गुडघे रुसलेत."

आम्ही निघालो. घंटा वाजली की मेट्रन टेबलावरून हात वर करी. मी कागदावर चौदा चौकोन काढले होते. जिथे हात वर झाला नाही तिथे फुली मारत गेले. बागेच्या दाराशी पोचलो तेव्हा कागदाकडे पाहून मला काही उमजेना. फुल्या काही खोल्यांच्या अलीकडे होत्या, त्याच खोल्यांच्या पलीकडेही होत्या. बाकी सगळं साफ.

बाईंनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि खुदकन हसल्या. "चार, सात, नऊ, अकरा, तेरा. ही तर माझी शत्रुमंडळी गं!"

"म्हणजे?"

"दुपारी एक ते चार घोरणारी. यांच्यापायी मला दोन वर्षं चोरासारखं दबक्या पावलांनी चालावं लागतंय."

त्या पाच खोल्या मीच वगळल्या होत्या. शिडीवाले काका ड्रिल मशीन घेऊन निघाले होते, तेव्हा मीच त्यांना म्हटलं होतं, "काका, झोपलेल्यांना उठवू नका. तिथली जुनी यंत्रं चालूच आहेत, पुढच्या आठवड्यात बघू." म्हाताऱ्या माणसांची झोपमोड करायला मन धजावलं नव्हतं.

जुनं यंत्र एकटं चालतं, नवंही एकटं चालतं. पण दोघांचे मालक, म्हणजे त्यांना हाकणाऱ्या यंत्रणा, वेगळे. नव्या यंत्रांची आपसात ओळख असते. पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे गेला तर ती विचारपूस न करता त्याला पुढे नेतात. मध्ये जुनं आलं की पट्टा परका ठरतो. नाव, खूण, परवानगी, सगळं पहिल्यापासून, आणि तोवर दाबलेलं बटण वाया. त्यातून बाहेर पडताना पुन्हा तेच. कॉरिडॉरभर मी अशी ठिगळं लावून ठेवली होती.

मी साहेबांना जाऊन सरळ सांगितलं, "पट्टे चांगले आहेत. चूक माझी आहे."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग घड्याळ बघितलं. "तीन वाजलेत. पाच खोल्या. होईल?"

"होईल. पण ती सगळी आता झोपलीत."

"ते माझ्याकडे," ड्रिलबाई म्हणाल्या, आणि सातव्या खोलीचं दार त्यांनी असं वाजवलं की काकांच्या हातातला पाना खाली पडला.

आतून वकीलसाहेबांचा आवाज आला, "कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. मरू नये म्हणूनच उठवतेय. चला, खुर्ची घ्या आणि बाहेर बसा!"

पुढचे पावणेदोन तास काकांचे पाय शिडीवरून जमिनीला क्वचितच लागले. ते जुनं यंत्र उतरवत, नवं चढवत, खाली उभी राहून मी ते नव्या मालकाच्या यादीत घेई. उठवलेली पाचही मंडळी कॉरिडॉरमध्ये खुर्च्या टाकून बसली होती. सुरुवातीला कुरकुर झाली. मग "डावीकडे कललंय हो" अशा सूचना सुरू झाल्या. काका म्हणाले, "ताई, पुढल्या वेळी यांना झोपूच द्या."

पावणेपाचला तेरावी खोली झाली. बाई पहिल्या दाराशी उभ्या राहिल्या. मी सोबत निघाले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. "एकटी."

मी मेट्रनच्या टेबलाशी थांबले. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. घंटा वाजली. पुन्हा वाजली. चौथ्या खोलीच्या अलीकडे वाजली, पलीकडेही वाजली. वकीलसाहेब मोठ्याने मोजायला लागले, मग बाकीचेही. नवव्या खोलीसमोर बाई क्षणभर थांबल्या, फरशीकडे पाहिलं आणि अंगठा दाबला. "सतरा!" सगळे ओरडले.

सत्ताविसावी घंटा चौदाव्या दाराशी वाजली. एकही चुकली नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मेट्रनने टेबलावरचं मुलीचं पत्र उचललं, फोन लावला आणि म्हणाली, "तुमच्या आई फिरायला निघाल्यात. हो, एकट्या."

बाई बागेचं दार ढकलून बाहेर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

दोन मिनिटांनी घंटा पुन्हा वाजली. मेट्रन धावली, तिच्यामागे मी, माझ्यामागे खुर्च्या सोडून ती पाचजणं. बाई बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या.

"काय झालं बाई?"

"कुठे काय?" त्या म्हणाल्या. "पोचले, एवढंच कळवायचं होतं."