रेतीत एक मीटर कमी पडला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मोजायचा टेप आहे. तीस मीटर लांब, पिवळा, आता जरा मळका. माझ्यावर आकडे छापले गेले तेव्हा वाटलं होतं, आपण घरं मोजू, रस्ते मोजू. पण मला विकत घेतलं रामकिसनकाकांनी. ते परभणीहून बोईसरला नोकरीसाठी आलेले. कारखान्यातली पाळी सुटली की तिथल्या एका हॉलमध्ये मुलामुलींना व्हॉलीबॉल शिकवायचे.

त्या हॉलमधलं पहिलं मैदान मीच आखलं. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. मधोमध जाळी, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरवर एक रेघ. कोपरे सरळ आहेत ना, हे पाहायला काका मला तिरपं ताणायचे. दोन्ही तिरप्या मापांत बोटभर फरक पडला की पुन्हा सुरुवात! "टेप खोटं बोलत नाही," असं ते सांगायचे आणि मी फुगून जायचो. पुढे रेघा कायमच्या रंगवल्या गेल्या. दोन वर्षं मी कपाटात, फाटक्या चेंडूंखाली पडून होतो.

यंदा मला शोधून काढलं काकांकडे शिकणाऱ्या, समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या हेमालीनं. तिला आणि तिच्या मैत्रिणीला, अर्चनाला, बीच व्हॉलीबॉलच्या स्पर्धेत उतरायचं होतं. किनारा दाराशी होता, मैदान नव्हतं.

बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपासून भरतीच्या रेघेपर्यंत काकांनी मला ताणलं. चौदा मीटर.

"मैदानाचे नऊ, दोन्हीकडे पळायला तीन-तीन. पंधरा लागतात," काका म्हणाले. "चंद्रकांताताई, बांबू मीटरभर मागे घेता का?"

"नाय भाऊ," हेमालीची आई म्हणाली. "मागं वाट हाय. आमचं पोट या बांबूंवर हाय. पोरींचा खेळ काय, आज हाय, उद्या नाय."

हेमालीचा चेहरा उतरला. वाळूत बसून ती माझ्यावरचे आकडे बघत राहिली.

"काका, हॉलमदी आमी सहा-सहा जणी खेळतो. इथं दोगी-दोगीच. मग मैदान तेवढंच कसं?"

काका म्हणजे जन्मभर हॉलमध्ये खेळलेला माणूस. "खरं सांगू? मला ठाऊक नाही. विचारून येतो."

पुढच्या रविवारी ते नियमांचं पुस्तकच घेऊन आले. "चूक माझी, पोरी. रेतीतलं मैदान सोळा बाय आठ. तीन मीटरची रेघही नसते."

आठ, तीन आणि तीन. चौदा! चंद्रकांताताईंनी टोपली खाली ठेवली. "आणा हिकडं, मी धरते," म्हणत माझं टोक त्यांनीच बांबूशी धरलं. वाळूत चुना टिकत नाही, म्हणून रेघांच्या जागी निळी फीत ताणली.

स्पर्धेत दोघी उपांत्य फेरीत हरल्या. मान खाली घालून घरी आल्या, तर हेमालीची आई मैदानाच्या कडेलाच बसलेली.

"जागा राखून ठेवली हाय," ती म्हणाली. "कोनाला मासळीची जाळी वाळत टाकू दिली नाय. सकाळी येनार ना खेळायला?"

मित्रांनो, माप मी बरोबरच देत होतो. पण काय मोजायचं, हे विचारायला हेमालीच लागली. तुम्हीही विचारत जा. आणि हो, खाऱ्या रेतीनं माझे आकडे झिजतात. गुंडाळण्याआधी मला ओल्या फडक्यानं पुसा. अजून बरीच मैदानं आखायची आहेत.