जिथं कुणी वळखत न्हाई

मी दमणी. दोन बैलांची, कापडी छताची, माणसं वाहणारी हलकी गाडी. हसनाबादेत कडूबा सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं, तेव्हा निजामाची आगगाडी जालन्याला येऊन बरीच वर्षं झाली होती.

माझे मालक पुंजारामतात्या. कुठं जायचं, हे ते मनाला विचारून ठरवत. भावकीत तंटा झाला की राजूरच्या गणपतीला. टेकडी चढेपर्यंत राग उतरायचा. खुशीत असले की भोकरदनचा बाजार. उदास वाटलं की गिरजा नदीच्या काठी बैल सोडून गप्प बसून राहत.

त्यांची लेक सोनूबाई मंठ्याला दिलेली. तिचं चार महिन्यांचं लेकरू तापानं गेलं. मीच तिला माहेरी आणलं. वाटभर ती एक शब्द बोलली नाही, नंतरही नाही. तात्यांनी तिला राजूरला नेलं, बाजारात नेलं, नदीवर नेलं. ती माझ्या छताखालून उतरलीच नाही. भेटेल तो हळहळायचा आणि ती पदर आणखी पुढं ओढायची.

एका सकाळी बैल जुंपून तात्या थांबले.

"सोनू, आजवर म्या माझ्याच मनाच्या जागा तुला दावल्या. तुला कुठं जावं वाटतं?"

आतून आवाज आला, "जिथं मला कुणी वळखत न्हाई, तिथं."

"मंग टेसनावर जाऊ."

दुपार कलल्यावर जालना आलं. लिंबाखालून मला फलाट दिसत होता. मनमाडची गाडी आली. गाठोडी, पेट्या, हमाल. कुणी तिच्याकडं वळूनही पाहिलं नाही. त्या गर्दीत सोनूबाई मोठ्यानं रडली. तात्या पाण्याचा तांब्या घेऊन लांबच उभे राहिले. गाडी गेली, तशी ती येऊन माझ्यात बसली.

"भूक लागली तात्या," ती म्हणाली.

तात्यांनी भाकरी सोडली आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवला.

आता निजामी गेली, तात्याही गेले. माझी चाकं दुसऱ्या गाडीला लागली. मी गोठ्यात दगडांवर टेकलेय. मला सरपणात घालायचं घरात चाललंय. खुशाल घाला, पण माहेरी आलेली सोनूबाई सासरी परतल्यावर.

परवा ती माहेरी आली आणि दुपारभर माझ्यात बसून राहिली. ती आत गेल्यावर चतुराबाईंनी, तिच्या आईनं, विचारलं, "कुठं गेल्तीस गं?"

"तात्यांकडं."