वीज आली

आमच्या साइटवर ‘लाईट’ म्हणजे क्रेनच्या टोकावरचा लाल दिवा, आणि तारेतून येते ती ‘वीज’. हा फोरमनचा नियम. एकदा कुणीतरी ‘लाईट गेली’ म्हणालं आणि इलेक्ट्रिशियन भर उन्हात वर चढून चांगला दिवा बदलून आला, तेव्हापासूनचा. फोरमनना सगळे मागून ‘चटकन’ म्हणतात, कारण त्यांचं वाक्य त्याशिवाय सुरूच होत नाही.

मी ऑफिसात असते. हजेरी, सामान, वॉकीटॉकी आणि दुपारनंतर आकाश, हे माझं काम. क्रेन चालवतो तो माझा नवरा. त्या दिवशी सासूबाई तापाने झोपल्या होत्या, म्हणून आठ महिन्यांची आमची चिमणी माझ्या मांडीवर होती. दात येतायत, त्यामुळे दिसेल ते तोंडात.

सकाळपासून वीज नव्हती. काँक्रीटची गाडी फाटकाशी पोट फिरवत उभी, आणि फोरमन तिच्याभोवती. "चटकन आली नाही ना, तर हे गाडीतच थिजेल! मग बसा छिन्न्या घेऊन!" नवरा क्रेनच्या पायथ्याशी तिसरा चहा पीत होता.

दोनच्या सुमारास लांब ढग उठला. सकाळभरची दमट हवा फुलकोबीसारखी वर चढली आणि मग तिचं डोकं ऐरणीसारखं चपटं पसरलं. तसं झालं की मी मोबाईलवर विजा कुठे पडतायत ते दाखवणारा नकाशा उघडते. खाली आपण घामाने निथळत असतो आणि तिथे वर बर्फ असतो. बर्फाचे हलके कण वर जाताना गारांच्या जड दाण्यांवर आपटतात, आणि त्या घासाघाशीत ढगाचा तळ ऋण भाराने भरत जातो. सुरक्षिततेच्या वर्गात हे सांगत होते तेव्हा बाकीचे पेंगत होते. मला कशी झोप येणार? माझा माणूस आसपासच्या सगळ्यात उंच लोखंडात बसतो.

मोबाईलच्या नकाशावर लाल ठिपका उमटला. नऊ किलोमीटर. आमच्या डोक्यावर अजून ऊन होतं, पण वीज ढगापासून तेवढी लांबही येऊन पडते. दहाच्या आत आली की चढायला बंदी. मी वॉकीटॉकी उचलला. "वीज आली जवळ, वर कुणी जाऊ नका!"

तेवढ्यात चिमणीने तो हिसकावून फरशीवर टाकला. बॅटरी कपाटाखाली गेली, चिमणीने भोकाड पसरलं. बाहेर आरोळी उठली. काम थांबल्याचा आनंद, असं मला वाटलं. चिमणीला गप्प करून, कपाटाखाली हात घालून बॅटरी बसवेपर्यंत पाचेक मिनिटं गेली.

इलेक्ट्रिशियन दारात आला. "वहिनी, वीज आली म्हणालात, मग मीटर का मेलेलं?"

मी वर पंख्याकडे बघितलं. मग खिडकीतून.

क्रेनच्या शिडीला आठ टप्पे आहेत. नवरा सहाव्यावर होता.

माझा अंगठा बटणावरून कधी सुटला? दोन शब्दांनंतर. ‘वीज आली’ एवढंच बाहेर गेलं होतं.

फोरमन धावत आले. "चटकन खाली बोलवा त्याला!"

बाहेर लख्ख झालं. मी मोजलं. सहा सेकंदांनी आवाज. म्हणजे दोन किलोमीटर. खाली सहा टप्पे, वर दोन. उघडी शिडी सगळ्यात वाईट. केबिनला चहूबाजूंनी पत्रा आहे, वीज बाहेरूनच खाली उतरते.

"क्रेन, ऐक. वर जा."

"वरच चाललोय की, बाईसाहेब."

"ती वीज आलेली नाही! आकाशातली आलीय! केबिनमध्ये शिर, दार लाव, हात मांडीवर. कशालाही लावू नकोस."

"अहो, काय सांगताय त्याला!" फोरमन ओरडले. "काही झालं म्हणजे?"

"मी सांगितलं म्हणा."

वॉकीटॉकी खरखरला. "हातावरचे केस उभे राहिलेत गं." आवाजात चेष्टा नव्हती.

वर्गात सांगितलं होतं, केस उभे राहिले की वेळ उरलेला नसतो. "बोलू नकोस. चढ."

सातवा टप्पा. आठवा. दार लागलं की नाही, ते दिसायच्या आत सगळं पांढरं झालं. आवाज त्याच क्षणी आला, काचा हादरल्या. चिमणी रडायचीही विसरली.

"क्रेन?"

मी पुन्हा बटण दाबलं.

"अरे, बोल ना."

फोरमन खुर्ची धरून उभे होते. मी आकडे मोजत होते, कशाचे ते मलाच ठाऊक नव्हतं.

"मोठ्याने बोल," तो एकदम म्हणाला. "कान वाजतायत."

मी नुसतं बटण दाबून धरलं.

"खाली येऊ?"

"नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं."

"मग बोलत राहा." तो म्हणाला. "भीती वाटतेय."

लग्नाला चार वर्षं झाली. हा शब्द त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "बटण सुटलं."

"ते नंतर. चिमणी काय करतेय ते सांग."

मी सांगत राहिले. काय चावतेय, कुणाकडे बघतेय, नाकाला काय लागलंय. मध्येच गडगडायचं, आणि अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.