ट्रेबल दहावर

"ह्याच्यात चाळीस आवाज आहेत, सर," दुकानदार म्हणाला.

"मला एकच हवाय," चष्मेवाले म्हणाले.

हे बोलणं त्या दुकानात आधीही झालं होतं, आणि आता दोघांनाही त्याचा वीट आला होता. चष्मेवाल्यांचं स्वतःचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. तिथे ते दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायचे आणि भिंगं बदलत विचारायचे, "हे बरं, की हे?" उत्तर द्यायला घोळ घालणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग यायचा. आता मांडीवर पोकळ अंगाची गिटार घेऊन स्टुलावर बसलेले ते स्वतःच तसलं गिऱ्हाईक झाले होते. हे बरं नव्हतं आणि तेही बरं नव्हतं.

त्यांना हवा होता जॅझचा आवाज. गोल, जाड, मऊ. तार छेडली की सूर कानावर आदळू नये, शेजारी येऊन बसावा. मिळत मात्र होता ताटावर चमचा वाजवल्यासारखा. दुकानात मांडलेला, गिटारचा आवाज मोठा करणारा प्रत्येक छोटा अ‍ॅम्प जणू त्यांच्याशी भांडायलाच बसला होता.

"बटणं कुठे ठेवलीत तुम्ही?" दुकानदाराने वाकून पाहिलं. "ट्रेबल दहावर? सर, त्यानेच सूर टोचतो. जरा कमी केलात तर..."

"माझा नंबर आहे तो," चष्मेवाले ताडकन म्हणाले, आणि त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. घरच्या जुन्या अ‍ॅम्पच्या बटणांचा फोटो होता तो. बास तीनवर, मधलं पाचवर, ट्रेबल दहावर. ह्या नंबरावर जुना अ‍ॅम्प लोण्यासारखा वाजतो, मग नव्याने का वाजू नये? जुन्या चष्म्याचा नंबर घेऊन कुणी त्यांच्या दुकानात आलं असतं, तर आधी डोळे तपासायला बसवलं असतं त्यांनी. पण ते झालं दुसऱ्याच्या डोळ्यांचं.

त्यांची घाई खरी होती. कोपऱ्यावरच्या कॅफेच्या मालकीणबाईंनी ह्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या त्रिकुटाला वाजवायला बोलावलं होतं. "माणसं बसून राहिली तर दर शुक्रवार तुमचा," त्या म्हणाल्या होत्या. "उठून गेली तर राग मानू नका." चष्मेवाल्यांची पन्नाशी उलटली होती आणि आजवर त्यांनी घरातल्या बाहेरच्या खोलीपलीकडे कुठे वाजवलेलं नव्हतं. शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई दर रविवारी घरी यायच्या, त्या पियानो वाजवायच्या. बायकोचा धाकटा भाऊ यायचा, तो ड्रमवर हलके ब्रश फिरवायचा. एकदा बाई म्हणाल्या होत्या, "तुमचा टोन म्हणजे अगदी मखमल." त्या एका वाक्यावर चष्मेवाले कित्येक वर्षं जगत होते.

जुना अ‍ॅम्पच कॅफेत न्यायचा, तर तो तिजोरीएवढा जड, घर वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. शिवाय तो बसलेला कपाटात. मुलगी तान्ही असताना घरात जागा नाही म्हणून बायकोने तो बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, टांगलेल्या कोटांच्या खाली ढकलला होता. मुलगी आता परगावी शिकत होती, पाळणा केव्हाच कुणाला देऊन झाला होता, पण अ‍ॅम्प आपला कपाटातच. दाराच्या फटीतून वायर बाहेर यायची आणि तिच्या टोकाला चष्मेवाले बसायचे. त्यात काही वेगळं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. आपल्याच घरातल्या वस्तू कोण डोळे उघडून बघतं? चष्मेवाले तर नाहीच नाही.

दुकानदाराच्या नाकी नऊ आणून ते हात हलवत घरी आले. निदान आपला जुना सोबती तरी ऐकावा, म्हणून त्यांनी वायर जोडली, खुर्ची ओढली आणि एक सूर छेडला.

ताट आणि चमचा.

त्यांनी पुन्हा छेडला. पुन्हा तेच. तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. "हाही बिघडला!" ते ओरडले. "परवा शुक्रवार, आणि हाही बिघडला! सगळे मिळून माझ्याच मुळावर उठलेत!"

बायको स्वयंपाकघरात होती आणि दार लावलेलं होतं. ते वाजवायला बसले की ती दार लावून घ्यायची, नेहमीच. ती कामाला होती वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात. दिवसभर फोनवर लोकांचं खेकसणं ऐकून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी, एवढं चष्मेवाल्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला बोलावून त्यांनी तो अ‍ॅम्प जिन्यावरून खाली उतरवला. प्रत्येक वळणावर मेहुणा म्हणायचा, "दाजी, बोट अडकलं," आणि दाजी म्हणायचे, "बोटाचं नंतर बघू." दुरुस्तीवाल्याने अ‍ॅम्प उघडला, आत फुंकर मारली, तारा तपासल्या, परत बंद केला.

"ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"ठणठणाटच तर होतोय! आवाज ऐका त्याचा."

"ट्रेबल दहावर ठेवलात तर असाच येणार."

"तो वर्षानुवर्षं दहावरच आहे!"

"मग तुमचे शेजारी भले दिसतात," दुरुस्तीवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अ‍ॅम्प पुन्हा वर चढवला. मेहुणा सोफ्यावर आडवा पडला. बायको कामावरून आली, तिने भावाचं लाल झालेलं बोट पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मधोमध ठेवलेला अ‍ॅम्प पाहिला.

"तो बिघडलेला नाहीये," ती म्हणाली. "कोट धुवायला दिलेत मी. परवाच."

"कोटांचा इथे काय संबंध?"

ती खुर्चीवर बसली. बोलावं की नाही, ह्याचा तिने जरा विचार केला असावा. पण भावाचं बोट चांगलंच सुजलं होतं.

"अहो, जागा नव्हती म्हणून नव्हता ठेवला मी तो कपाटात. मला तो आवाज सोसत नव्हता. पोर कशीबशी झोपवलेली असायची, माझं डोकं फोनमुळे ठणकत असायचं, आणि तुमचं आपलं टिंग टिंग टिंग. म्हणून ढकलला आत. तर तुम्ही ते कसलंसं बटण वाढवलंत."

"ट्रेबल."

"तेच. मग मी समोर एक कोट टांगला. तुम्ही आणखी वाढवलंत. मी आणखी एक टांगला. तुम्ही पुन्हा वाढवलंत, तेव्हा मी खाली दुलई अंथरली."

"आणि मग?"

"मग तुमचं बटण संपलं."

मेहुणा हसायला लागला आणि चष्मेवाल्यांच्या नजरेला नजर भिडताच खोकायला लागला.

"म्हणजे बाई ज्याला मखमल म्हणतात..." चष्मेवाल्यांनी रिकाम्या कपाटाकडे पाहिलं.

"माझा हिरवा कोट असेल तो," बायको म्हणाली. "तोच अगदी तोंडासमोर असतो. जाड आहे ना."

चष्मेवाल्यांना फार लागलं ते. एखाद्याला इतकी वर्षं सुंदर म्हणावं आणि मग सांगावं की आम्ही तुमच्या पडद्याबद्दल बोलत होतो, तसं झालं. रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तो सगळ्यांवरच आला.  त्या संध्याकाळी जेवताना ते फक्त "मीठ" एवढंच म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी दुकानदाराकडून सगळ्यात छोटा आणि साधा अ‍ॅम्प उचलला. चाळीस नाही, एकच आवाज असलेला. "आवडला नाही तरी आता परत आणू नका," दुकानदार हात जोडून म्हणाला. ट्रेबल कमी करून बघायचं शहाणपण त्यांना तोवर सुचलं होतं. ट्रेबल दोनवर आणला, तर आवाज नुसताच मंद झाला, आणि प्रत्येक सुराच्या आधी एक टोला ऐकू येऊ लागला. बटणाचा दोष नव्हता तो. इतकी वर्षं कोट भेदून बाहेर पडायचं म्हणून त्यांचा हात तारेवर जोरात पडायला शिकला होता. हात एका दिवसात कसा बदलणार? त्यांनी हळू वाजवून पाहिलं, तर बोटं चुकायला लागली.

"कोट घेऊन जा बरोबर," बायको कामावर निघताना म्हणाली. "आज मिळतील धुऊन."

"मी वाजवायला चाललोय, कपडे वाळत घालायला नाही," ते म्हणाले. "आणि तू येऊ नकोस. तुला सोसत नाही ना."

हे बोलायला नको होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं. पण ती दार ओढून गेली होती.

संध्याकाळी कॅफे निम्मा भरला होता. बाई पियानोवर, मेहुणा बोटाला पट्टी बांधून ड्रमवर, आणि चष्मेवाले छोटा अ‍ॅम्प शेजारी ठेवून स्टुलावर. पहिलंच गाणं संथ होतं. त्यांनी पहिला सूर छेडला आणि तो टोल्यासकट सगळ्या खोलीभर झाला. समोरच्या टेबलावरच्या माणसाने खुर्ची मागे घेतली. एक जोडपं पेले उचलून आतल्या बाजूला जाऊन बसलं. बाईंनी पियानोवरून मान वळवून पाहिलं. त्यांच्या नजरेत रागबिग काही नव्हता, त्यांना बहुतेक वाटत होतं की हे दुसरंच कुणीतरी वाजवतंय. मालकीणबाईंचा कप पुसणारा हात थांबला.  गाणं संपेपर्यंत चष्मेवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला. टाळ्या पडल्या, पण त्या भिडेखातर होत्या.

मान वर केली तर दाराजवळच्या टेबलावर बायको. तक्रार केंद्रातून परस्पर आलेली, अंगात हिरवा कोट. अख्खं गाणं तिने ऐकलं होतं, कानांवर हात न ठेवता.

ती उठली. टेबलांमधून वाट काढत पुढे आली. तिने कोट काढला, अ‍ॅम्पच्या तोंडावरून नीट घातला, बाह्या मागे नेल्या आणि वरचं बटण लावलं.

"लोक बघतायत," चष्मेवाले दातांतल्या दातांत पुटपुटले.

"बघू देत," ती म्हणाली. "ते तुमचं बटण करा दहावर. आणि वाजवा नेहमीसारखं."

ती दाराजवळच्या टेबलाशी परत जाऊन बसली. त्यांनी रागारागाने ट्रेबल दहावर नेला आणि रागारागानेच तार छेडली. सूर कोटातून बाहेर आला तो गोल, जाड, मऊ. बाई हसल्या आणि पुढचे सूर त्यांनी त्याच्या मागोमाग सोडले. मेहुण्याचे ब्रश फिरायला लागले. समोरच्या माणसाची खुर्ची परत पुढे आली की नाही, ते पाहायचं चष्मेवाल्यांना भानच राहिलं नाही. मधे एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं की हा आवाज नक्की कुणाचा म्हणायचा, आपला की तिचा. मग पुढचा सूर आला आणि ते राहून गेलं.

बाहेर थंडी होती. गिऱ्हाइकं येत-जात होती, दार सारखं उघडत होतं आणि दर वेळी वारा थेट त्या दाराजवळच्या टेबलावर यायचा. मालकीणबाईंनी बायकोला खूण करून आतलं टेबल दाखवलं, तर तिने मान हलवून नको म्हटलं. तिथून अ‍ॅम्प समोर दिसत होता. घरी गिटार वाजायला लागली की दार लावून घेणारी त्यांची बायको, हात काखेत घालून, शेवटचा सूर संपेपर्यंत तिथेच कुडकुडत बसून राहिली.