बाईंना दिसले, मला दिसले नाही

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना माझ्यासारखी यंत्रे फार मिरवतात. मीही मिरवलो असतो, पण आता मला तोंड वर करून बोलायची सोय राहिलेली नाही. लाज वाटते, तरी सांगतो.

एका कारागिराने माझी भिंगे आठवडाभर घासली, फुंकर घातली, पुन्हा घासली. मग लाकडी पेटीत बसून मी नदीकाठच्या आरोग्य केंद्रात आलो. पेटी उघडली ती नानांनी. नाना म्हणजे तिथले तंत्रज्ञ. हिवतापाच्या रोग्यांचे रक्त तपासणे हे त्यांचे काम. मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "चला, आता तू, मी आणि हे जंतू!"

नदीच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे दुसरा. डास काही परवाना काढून नदी ओलांडत नाहीत. त्यामुळे ताप दोन्हीकडे एकच आणि औषधही एकच. ते औषध अजून लागू पडते की जंतू त्याला पुरून उरू लागले, हे वेळीच कळावे म्हणून आसपासच्या चार देशांनी एक पद्धत ठरवली होती. गोळी आपल्यासमोर गिळायला लावायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त पाहायचे आणि सगळ्यांनी आपापले निकाल एकत्र मांडायचे. रक्ताचा थेंब पसरलेली प्रत्येक काच, म्हणजे स्लाइड, दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न विचारता पाहायची. दोघांचे जुळले नाही, तर ती पलीकडच्या प्रयोगशाळेत पाठवायची.

आमच्याकडची दुसरी नजर शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञ बाईंची होती. त्यांचे यंत्र नवे, साधे. पाहुणे आले की नाना त्यांना थेट माझ्याकडे आणत. "बारा वर्षं झाली, हा एकदाही चुकला नाही," असे म्हणून माझ्या पाठीवर थाप मारत. मी किती शेफारलो होतो म्हणून सांगू!

आणि त्याच दिवसांत माझ्या भिंगाला बुरशी लागली. खोली दमट होती. माझ्या पेटीतली ओल शोषणारी पुडी दर महिन्याला बदलायची असते, ती वर्षभर कोणी बदलली नव्हती. कडेने धुरकट जाळे पसरत गेले. मला ते कळत होते. नानांना वाटले, आपली नजरच थकली. ते डोळे चोळत आणि पुन्हा माझ्यावरच भरवसा ठेवत. खरे सांगू? मला ते बरे वाटे.

एके दिवशी नावाड्याची सात वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवसाच्या तपासणीला आली. फार बडबडी पोर. "नाना, माझ्या रक्तातले किडे मला दाखवा ना," म्हणून मागे लागली. अंगात अजून कसर होती. नानांनी पाहिले आणि लिहिले, जंतू नाहीत.

थोड्या वेळाने बाई दारात आल्या. "नाना, मला जंतू दिसले. पोरीला ठेवून घेऊ, दुसरं औषध सुरू करू."

"रंगाचा कचरा असेल हो. नीट धुतली नसेल स्लाइड."

"मग पलीकडे पाठवू या की. नियमच आहे तसा."

"पाठवा, आणि घ्या हसं करून!" नाना ताडकन म्हणाले. "याच्यापुढे तुमच्या त्या खेळण्याचं काय ऐकायचं?"

बाई आपल्या खोलीत परतल्या. पोरगी बापाचे बोट धरून घरी गेली. दुसरे औषध तिथेच, चार पावलांवरच्या कपाटात होते.

पाचव्या दिवशी तिला बेशुद्ध आणले. ताप मेंदूत गेला होता. आठवडाभर झुंजून ती वाचली. पण तिला ऐकू येईनासे झाले.

बाईंनी मग कोणालाही न विचारता हंगामातल्या चाळीस स्लाइड पलीकडे पाठवल्या. मी निर्मळ ठरवलेल्या चाळिसांपैकी अकरांत जंतू निघाले. नानांनी मला उचलून उजेडात धरले, भिंगाच्या आत पाहिले आणि ते जाळे त्यांना दिसले.

चार देशांची बैठक पलीकडे होती. नाना मला मांडीवर घेऊन नावेत बसले. वल्ही त्याच नावाड्याच्या हातात. "तिकडं काय सांगणार?" त्याने विचारले.

"माझं चुकलं, हेच सांगणार."

बैठकीत नानांनी मला सगळ्यांपुढे ठेवले. "या हंगामाचे आमचे निकाल धरू नका. भिंग खराब होतं. आणि मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

पलीकडच्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे औषध लागू पडेनासं झालंय असं दिसत होतं, नाना. तुमचे निकाल चांगले आले म्हणून आम्ही बदलायचं थांबलो."

कोणी रागावले असते तर बरे झाले असते. त्या वर्षी चारही देशांत औषध बदलले.

परतताना ती मुलगी काठावर उभी होती. नाना तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. "बाळा, मला माफ कर. तुझे जंतू मला दिसायला हवे होते."

तिने त्यांच्या ओठांकडे पाहिले, मग मोठ्याने विचारले, "बाबा, नाना काय म्हणाले?"

नावाडी नाव बांधायला वळला. ते तिला ऐकवणे कोणालाच जमले नाही. म्हणून तुम्हांला सांगतो आहे, मित्रांनो. आमची भिंगे कोरडी ठेवा. आणि शेजारच्या खोलीतून कोणी म्हणाले, मला वेगळे दिसते आहे, तर उठा आणि त्याची स्लाइड पाहा.